काटा अर्ध्यावर, टाकी रिकामी! पर्यटन हंगाम सुरू झाला, पण बोटींतल्या इंधनाच्या काट्याकडे लक्ष कुणाचं?

मालवण : पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपली, नारळीपौर्णिमा झाली, ऑगस्ट सरला आणि जलपर्यटनाच्या बोटीही पुन्हा पाण्यात उतरल्या. मालवण धक्का, तारकर्ली, देवबाग, निवती, वेंगुर्ला, देवगड सगळीकडे आता सकाळपासून इंजिनांचा आवाज आहे. कुणी किल्ल्यावर प्रवासी नेतंय, कुणी डॉल्फिन दाखवायला निघालंय, तर कुणी पहाटे जाळं टाकून दहाच्या आत परत येतंय. या बोटी बहुतेक लहान, फायबरच्या, मागे आउटबोर्ड मशीन लावलेल्या. आणि या बोटींमधला सर्वात दुर्लक्षित भाग कोणता असं विचारलं, तर तो म्हणजे इंधन किती आहे ते दाखवणारा काटा.

किनाऱ्यावर हा विषय निघाला की एकच वाक्य कानावर येतं, ‘काटो अर्ध्यार होतो, मगे मशीन बंद कित्याक पडला?’ ऐकणारे हसतात. कारण बहुतेकांच्या बोटीतला काटा कधीतरी असाच खोटं बोललेला असतो. कुणाचा कायम ‘फुल’वर, कुणाचा कायम ‘एम्प्टी’वर, कुणाचा लाटेबरोबर नाचणारा. ‘त्याच्याकडं काय बघतास, काठी घाल टाकीत,’ असा सल्ला मिळतो आणि विषय संपतो.

काठी घालून बघणं चुकीचं नाही, उलट चांगलंच. अडचण अशी की आता अनेक बोटींत टाकी तळाच्या फळीखाली बसवलेली असते, तिथं काठी जात नाही. जिथं जाते तिथं बोट भरसमुद्रात हलत असताना, दहा प्रवासी बसलेले असताना, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून काठी घालणं हा वेगळाच धोका. म्हणून काटा चालू असणं ही चैन नाही.

जमिनीवर आणि पाण्यावर फरक आहे

कुडाळ-कणकवलीकडच्या वाचकांना वाटेल, ट्रॅक्टरचा काटाही बंदच असतो, त्यात काय एवढं. खरं आहे. शेतकरी वर्षानुवर्षं अंदाजानं डिझेल टाकतो. संपलंच तर ट्रॅक्टर बांधाला उभा राहतो, कुणीतरी मोटारसायकलवरून कॅन आणतं, एअर काढली की चालू. गेला तर अर्धा दिवस जातो.

बोट उभी राहत नाही. मशीन बंद पडलं की ती वाऱ्याची आणि ओढीची होते. देवबागच्या संगमावर सुकतीच्या वेळी कर्ली नदीचं पाणी ज्या जोरानं समुद्राकडं ओढतं, ते तिथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. मुखाशी लाटा फुटतात. तिथं मशीन बंद पडलं आणि बोट आडवी झाली, तर लाट बाजूनं आत येते. किल्ल्याच्या आजूबाजूला खडक आहेत. परतीच्या पावसात दुपारनंतर वारा फिरतो. अशा ठिकाणी ‘पेट्रोल संपलं’ ही किरकोळ गोष्ट राहत नाही.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळ्यातून इंदापूरकडं येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली, इंजिनाची चाचणी सुरू असताना. या तिन्ही घटनांचा इंधनाशी संबंध नव्हता. पण प्रत्येक वेळी नंतरची चर्चा कुठं थांबते ते पाहण्यासारखं आहे. लाइफ जॅकेट, प्रवासी क्षमता, परवाना. हे सगळं हवंच. मात्र लाइफ जॅकेट अपघात झाल्यावर कामाला येतं. बोट मुळात हतबल होऊ नये यासाठी जी साधी यंत्रणा असते, म्हणजे बॅटरी, वायरिंग, इंधनाची नळी, काटा, तिच्याबद्दल पत्रकार परिषदेत कुणी विचारत नाही.

दुसरीकडं तंत्रज्ञान पुढं चाललंय. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींसाठी १ लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. इस्रोनं विकसित केलेल्या या उपकरणामुळं बोट कुठं आहे ते किनाऱ्यावर कळतं, बोटीवरून संकटाचा संदेश पाठवता येतो. चांगलीच सोय आहे. पण गंमत बघा, बोट नकाशावर कुठं आहे ते उपग्रह सांगणार आणि त्याच बोटीच्या टाकीत किती लिटर उरलंय ते तांडेलाला ठाऊक नाही.

काट्याच्या दोन जाती, आणि त्यातली एक घातकी

इंधनाचा विजेवर चालणारा काटा म्हणजे तीनच गोष्टी. टाकीत वर-खाली होणारा फ्लोट आणि त्याला जोडलेला सेंडर, समोर डॅशवर दिसणारं मीटर, आणि या दोघांना जोडणाऱ्या वायरी. इंधन कमी-जास्त झालं की फ्लोट हलतो, फ्लोट हलला की सेंडरचा रोध बदलतो. रोध ओहममध्ये मोजतात. मीटर तो रोध ओळखतं आणि काटा फिरवतं. यापलीकडं त्यात काही नाही.

पण बाजारात या काट्यांच्या मुख्य दोन जाती आहेत आणि इथंच बहुतेक गोंधळ होतो. अमेरिकी पद्धतीत टाकी रिकामी असताना रोध २४० ओहम आणि भरलेली असताना ३३ ओहम. युरोपीय पद्धतीत उलटं, रिकामी असताना १० ओहम आणि भरलेली असताना १८० ओहम. मीटर एका जातीचं आणि सेंडर दुसऱ्या जातीचा बसवला तर काटा उलटा चालतो. टाकी रिकामी झाली की ‘फुल’ दाखवतो, भरली की खाली येतो. जुना सेंडर खराब झाला म्हणून मिळेल तो आणून बसवला की असं होतं. वस्तू नवी, फिटिंगही नीट, तरी काटा वेड्यासारखा वागतो. मग ‘माल डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुकानदाराच्या नावानं शिमगा. माल बरोबर असतो, जात चुकलेली असते.

दोन्ही जातींतला दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे, तो शांतपणे वाचावा. खाऱ्या हवेत वायरीच्या टोकाला हिरवा गंज चढतो. गंज म्हणजे जास्तीचा रोध. समजा या गंजानं सत्तर-ऐंशी ओहमची भर घातली. अमेरिकी पद्धतीच्या काट्यात रोध वाढला की काटा खाली येतो. म्हणजे टाकी भरलेली असूनही काटा अर्ध्यावर दिसेल. मालक वैतागेल, विनाकारण पेट्रोल भरायला जाईल, पण समुद्रात अडकणार नाही. युरोपीय पद्धतीत रोध वाढला की काटा वर जातो. टाकीत फक्त १० ओहमचं, म्हणजे काहीच नाही इतकं इंधन आहे, त्यात गंजाचे ऐंशी मिळाले की झाले नव्वद. काटा अर्ध्यावर! आणि वायर पूर्णच तुटली तर? अमेरिकी काटा ‘एम्प्टी’च्या खाली पडतो, युरोपीय काटा ‘फुल’च्या वर जाऊन बसतो.

म्हणजे तोच गंज, तीच तुटकी वायर, एका बोटीत मालकाला विनाकारण घाबरवते आणि दुसऱ्या बोटीत त्याला खोटा धीर देते. आपल्या बोटीत कोणत्या जातीचा काटा आहे हे प्रत्येक बोटवाल्याला माहीत असायला हवं. मीटरच्या पाठीमागं किंवा सेंडरच्या कड्यावर हे आकडे बहुतेक वेळा छापलेले असतात. नसतील तर पुढं दिलेल्या चाचणीत जात आपोआप कळते.

दोष सापडतो कुठं

काटा बिघडला की पहिला हात मीटरकडं जातो. नवीन मीटर आणलं जातं आणि तेही तसंच वागतं. खरं तर डॅशवरचं मीटर क्वचित बिघडतं. जास्त वेळा दोष असतो अर्थिंगमध्ये. ट्रॅक्टरला किंवा मोटारीला लोखंडी बॉडी असते, बॉडीतूनच अर्थ मिळतो. फायबरच्या बोटीला बॉडी-अर्थ नावाची गोष्टच नाही. टाकी प्लास्टिकची असली तर तीही नाही. सगळा भार एका काळ्या वायरीवर. तीच वायर तळाच्या ओलाव्यात, खाऱ्या पाण्यात, चार महिने ताडपत्रीखाली पडलेली असते. वरून आवरण चांगलं दिसतं, आत तांबं काळं पडलेलं असतं. साधी घरगुती वायर वापरली तर हे लवकर होतं. कथिलाचा मुलामा दिलेली बोटीसाठीची वायर महाग पडते, पण टिकते.

शोधायचं कसं, ते क्रमानं. हाताशी हवा एक डिजिटल मल्टिमीटर, जो काही शे रुपयांत मिळतो, थोडा पॉलिश पेपर आणि वायरीचा एक तुकडा.

आधी एक इशारा, कारण तो न पाळता कुणी पुढचं वाचू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, बोटीच्या तळाला साचते. तिथं वायर वायरीला टेकवून ठिणगी पाडणं म्हणजे मरणाला आमंत्रण. म्हणून फळ्या उघडून अर्धा-एक तास वारा खेळू द्यायचा, वास येत असेल तर काहीच हात लावायचा नाही, बिडी-सिगारेट दूर. टाकीजवळची कुठलीही वायर सोडवताना आधी बॅटरी काढायची. आणि वायर टेकवून बघण्याची चाचणी नेहमी डॅशकडं करायची, टाकीकडं नाही. बरेच मेकॅनिक ती टाकीवरच करतात. डिझेलला एकवेळ चालून जाईल, पेट्रोलला नाही.

मीटरच्या मागं तीन टोकं असतात. ‘आय’ म्हणजे चावीवरून येणारा करंट, ‘एस’ म्हणजे सेंडरची वायर, ‘जी’ म्हणजे अर्थ. चावी चालू करून ‘आय’ आणि ‘जी’ यांच्यात मल्टिमीटर लावला की १२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. दिसत नसेल तर फ्यूज, चावी किंवा अर्थ बघायचा, सेंडरकडं जायची गरजच नाही. व्होल्ट बरोबर असतील तर चावी बंद करून ‘एस’ची वायर काढायची आणि पुन्हा चावी चालू करायची. काटा पूर्ण खाली पडला तर मीटर अमेरिकी जातीचं, पूर्ण वर गेला तर युरोपीय. मग वायरीच्या तुकड्यानं ‘एस’ आणि ‘जी’ जोडायचे. काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही टोकांना फिरला म्हणजे मीटर चांगलं आहे, त्याला हात लावू नये. इथंच निम्म्या लोकांचे नव्या मीटरचे पैसे वाचतात.

आता टाकीकडं. बॅटरी काढलेली. सेंडरवरच्या दोन्ही वायरी सोडवायच्या आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेंडरच्या दोन टोकांमध्ये मोजायचं. अमेरिकी असेल तर ३३ ते २४० च्या मधला आकडा यायला हवा, टाकी अर्धी असेल तर शंभरच्या आसपास. युरोपीय असेल तर १० ते १८० मधला. आकडाच येत नसेल तर सेंडर आतून तुटलाय. आकडा बरोबर आला, मीटरही चांगलं, तर मग दोष मधल्या वायरीत, यात शंका नाही. काळ्या वायरीचं एक टोक सेंडरजवळून आणि दुसरं डॅशजवळून सोडवून मोजलं की रोध जवळजवळ शून्य यायला हवा. दहा-वीस ओहम आले तरी ती वायर बदलायची. वायर लांब असेल तर मल्टिमीटरच्या वायरीला जोड द्यावा लागतो, एवढंच.

सेंडर संशयास्पद वाटला तर तो बाहेर काढायचा. वरच्या कड्याला सहसा पाच स्क्रू असतात आणि त्यांची भोकं सारख्या अंतरावर नसतात. ती मुद्दाम तशी असतात, म्हणजे सेंडर एकाच दिशेनं बसेल. काढायच्या आधी मार्करनं खूण केली तर परत बसवताना घाम फुटत नाही. बाहेर काढून दांडी हातानं सावकाश खाली-वर करायची आणि मल्टिमीटर बघायचा. आकडा सरळ चढला-उतरला पाहिजे. मध्येच उड्या मारत असेल तर आतली पट्टी झिजलीय. लाटेबरोबर नाचणाऱ्या काट्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. फ्लोट कानाजवळ धरून हलवायचा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटून बुडतोय, म्हणून काटा कायम खाली. फ्लोट टाकीच्या आतल्या आडव्या पट्टीला अडकत असेल तर काटा एकाच जागी थिजतो.

नवा सेंडर घेताना टाकीची खोली मोजून न्यायची. दांडीची लांबी खोलीला जुळली नाही तर काटा कधीच ‘फुल’ दाखवणार नाही, किंवा टाकीत पाच लिटर असतानाच ‘एम्प्टी’ म्हणेल.

टाकी सुटी असेल तर

आपल्याकडच्या बऱ्याच लहान बोटींत बॅटरीच नसते. दोरी ओढून मशीन चालू, आणि बाजूला २४-२५ लिटरची सुटी टाकी. तिच्या टोपणावरच छोटा काटा असतो. त्याला वीज लागत नाही, आतला फ्लोट सरळ काट्याला जोडलेला असतो. उन्हानं त्याची काच पांढुरकी होते, फ्लोट अडकतो. तपासणं सोपं. टाकी बोटीतून उतरवून वाळूवर ठेवायची, टोपण काढून उलटं धरायचं. काटा ‘फुल’कडं गेला पाहिजे, सरळ केलं की ‘एम्प्टी’कडं. मध्ये अडकत असेल तर ते टोपण बदलायचं.

या टाक्यांमध्ये काट्यावर विनाकारण आळ येणारी आणखी एक गोष्ट आहे. टोपणावरचा हवेचा स्क्रू. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि निघताना उघडायचा विसरतात. मशीन दहा-पंधरा मिनिटं छान चालतं, मग गुदमरून बंद पडतं. नळीवरचा रबरी फुगा चपटा झालेला असतो. टाकीत बाहेरची हवा जाऊ शकत नाही, म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही. लोक समजतात काटा खोटं बोलला. काटा खरं सांगत होता, पेट्रोल होतं, झाकणानं अडवलं होतं.

इथेनॉलनं हिशेब बदललाय

यंदा या सगळ्यात एका गोष्टीची भर पडली आहे, पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० साठी होतं, ते अलीकडं आणलं गेलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच पेट्रोल मिळतं. उसाला आणि मक्याला त्यामुळं गिऱ्हाईक मिळालं, शेतकऱ्याच्या बाजूनं त्यात वाईट काही नाही. पण बोटवाल्याची अडचण वेगळी आहे.

इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. किनाऱ्यावर ओलाव्याला तोटा नाही. मे महिन्यात अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर तशीच राहिली, तर त्यात इतकं पाणी शिरू शकतं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. मशीनची नळी तळातूनच ओढते. फ्लोटला हे कळत नाही, तो पाण्यावरही तरंगतो आणि पेट्रोलवरही. काटा प्रामाणिकपणे ‘अर्धी टाकी’ दाखवतो आणि त्या अर्ध्या टाकीचा खालचा थर जळत नाही. म्हणजे काटा अगदी ठणठणीत असतानाही माणूस फसतो. यावर उपाय जुनाच, हंगाम संपताना शिल्लक पेट्रोल काढून मोटारसायकलला वापरून टाकायचं, हंगामाला ताजं भरायचं, आणि नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवायचा. पहिल्या फेरीआधी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवलं की दोन थर दिसतात का ते डोळ्यांनी कळतं.

दुसरं असं की इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. २० टक्के मिसळल्यावर लिटरमागचं बळ थोडं कमी होणारच. ‘एका टाकीत किल्ल्याच्या इतक्या फेऱ्या’ हा जो वर्षानुवर्षांचा तोंडी हिशेब आहे, तो जुन्या पेट्रोलवरचा आहे. काटा बंद आणि हिशेब जुना, अशा दोन्ही बाजूंनी चूक झाली तर ती एकाच दिशेला होते, कमी पडण्याच्या.

हिशेब नव्यानं मांडायचा तर ४० एचपीचं टू-स्ट्रोक मशीन पूर्ण थ्रॉटलला तासाला साधारण १५ लिटर किंवा थोडं अधिक पितं. २४ लिटरची टाकी दीड तासात साफ. सावकाश चालवलं तर पुष्कळ जास्त पुरते. बोटीत माणसं जास्त, वारा समोरून, तळाला शेवाळ-शिंपले चढलेले, की खप वाढतो. जाणकार तांडेल तीन भागांचा नियम पाळतात. एक भाग जायला, एक यायला, एक हात न लावण्यासाठी. टुरिस्ट म्हणाले ‘भाऊ, अजून थोडं पुढं चला, डॉल्फिन दिसले नाहीत,’ तर तिसऱ्या भागातून द्यायचं नसतं. हंगामाच्या गर्दीत, शनिवार-रविवारी, नेमकं तेच दिलं जातं.

डिझेलच्या बोटींचं वेगळं. तिथं इंधन संपलं की नळीत हवा शिरते. कॅनमधलं डिझेल ओतलं तरी एअर काढल्याशिवाय इंजिन धरत नाही, आणि हलत्या बोटीत ते काम किती वेळ खातं हे करणाऱ्यालाच माहीत.

मेकॅनिक आणायचा कुठून

प्रश्न फक्त बोटवाल्याच्या आळशीपणाचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, वीज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळतील, अशी त्यामागची भूमिका. चांगलं आहे. पण शेतीत जसा गावोगावी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा पोऱ्या तयार झाला, तसा बोटीची वायरिंग जाणणारा पोऱ्या बंदराबाहेर सापडत नाही. मशीन खोलणारे आहेत, उत्तम आहेत. कार्बोरेटर डोळे मिटून बसवतील. वायरी दिसल्या की मात्र ‘ता इलेक्ट्रिकवाल्याचा काम’. आणि इलेक्ट्रिकवाला घरांची कामं करतो, त्याला १२ व्होल्ट आणि खारं पाणी यांचं नातं ठाऊक नसतं. तो साधी वायर, पीळ मारलेला जोड आणि वरून काळी टेप, असं करून जातो. सहा महिन्यांत पुन्हा तेच.

मत्स्यव्यवसाय विभाग मच्छीमार तरुणांसाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण देतो. त्यात नौकानयन शिकवतात, सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. अभ्यासक्रमाच्या नावातच डिझेल इंजिन आहे. आज पर्यटनात आणि किनाऱ्यालगतच्या मासेमारीत ज्या पेट्रोल आउटबोर्ड दिसतात, त्यांची वायरिंग, काटे, फिल्टर यांना त्या सहा महिन्यांत किती दिवस मिळतात, हे मच्छीमार सोसायट्यांनी विचारायला हवं. तालुक्याच्या आयटीआयमध्ये वायरमन आणि डिझेल मेकॅनिक तयार होतात. त्यांना दोन आठवडे धक्क्यावर आणून बसवलं तरी बरंच काम होईल. यासाठी कोट्यवधींची योजना लागत नाही.

तपासणीचंही तेच. बोटीचा परवाना देताना, नूतनीकरण करताना लाइफ जॅकेट मोजली जातात, बोये बघितले जातात. त्याच वेळी ‘चावी फिरव, काटा दाखव’ एवढं एक वाक्य तपासणाऱ्यानं म्हटलं, तर हंगामाआधी निम्मे काटे दुरुस्त होतील. प्रवाशांनीही विचारायला हरकत नाही. विमानात आणि एसटीत विचारता येत नाही, बोटीत तांडेल दोन हातांवर बसलेला असतो. विचारलं तर राग येईल, पण पुढच्या वेळी तो आधीच बघून ठेवेल.

आणि एवढं करूनही समुद्रात मशीन बंद पडलंच, तर पहिली पाच मिनिटं दोरी ओढत बसण्यात घालवू नयेत. आधी नांगर टाकायचा, म्हणजे बोट खडकाकडं किंवा मुखाकडं वाहत जाणार नाही आणि नाळ लाटेकडं राहील. सगळ्यांना जॅकेट घालून खाली बसवायचं. मग हवेचा स्क्रू, फुगा, फिल्टर या क्रमानं बघायचं. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फुकट लागतो, ११२ वरही पोलिसांची मदत मिळते. ज्यांच्याकडं व्हीएचएफ आहे त्यांनी चॅनेल १६ वर बोलायचं. बोटीत नांगर आणि पुरेसा लांब दोर नसेल, तर काट्याआधी ते आणायला हवेत.

काटा दुरुस्त झाल्यावर शेवटचं एक काम उरतं, ते फार कमी जण करतात. बहुतेक बसवलेल्या टाक्या खाली निमुळत्या असतात, बोटीच्या तळाच्या आकाराच्या. त्यामुळं काटा अर्ध्यावर आला म्हणजे इंधन अर्धं उरलं असं नसतं, त्याहून कमी उरलेलं असतं. शिवाय वेगात नाळ उचलली की इंधन मागं सरकतं आणि सेंडर मागच्या बाजूला असेल तर काटा वाढवून दाखवतो. म्हणून बोट किनाऱ्यावर सपाट असताना रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर मोजून भरायचं, दर वेळी काटा कुठं आला ते बघायचं आणि मीटरच्या शेजारी पांढऱ्या टेपवर लिटरचे आकडे लिहून ठेवायचे. एका सकाळचं काम आहे, आणि पेट्रोल तर भरायचंच असतं.